पूर्वाच्या बसण्याचा हेवा

माझ्या धाकट्या भावजयीला एका साडेचार वर्षांच्या पोरीच्या बसण्याचा हेवा वाटायचा. दागिन्यांचा नाही, साडीचा नाही, जावेच्या नवऱ्याच्या पगाराचाही नाही. बसण्याचा. पूर्वा भिंतीला टेकून मांडी घालून बसली की स्नेहलच्या कपाळाला आठी पडायची, आणि पोर उठेपर्यंत ती काही जायची नाही.

स्नेहलचं माहेर दिघाशीचं. लग्न होऊन ती नारपोलीत आमच्याकडे आली तेव्हापासून मी तिला बघते आहे, आणि नणंद म्हणून नाही, पण खरं तेच सांगते: हेवा तिच्या रक्तातच आहे. तो ती लपवत नाही, एवढा तिचा मोठेपणा. मोठ्या जावेच्या, प्राजक्ताच्या, माहेरून मिक्सर आला तेव्हा हिने हट्टाने पाट्यावर चटणी वाटली आणि मिक्सरची चटणी म्हणजे नुसतं पाणी, असं गल्लीभर सांगत सुटली. मला पोस्टात बढती मिळाली तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाली, "तुमचं बरं आहे, अक्का. पोर नाही, नवरा नाही. नुसती बढती." मी लग्न केलेलं नाही. दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. पण "तुमचं बरं आहे" हे ती इतक्या मनापासून म्हणते की रागवायचं राहूनच जातं. भाजीवालीला म्हणते, रिक्षावाल्याला म्हणते, शेजारच्या मांजरीलासुद्धा म्हणताना मी ऐकलं आहे.

आमचं घर लूमच्या कारखान्याच्या वर. खाली खडखडाट आणि वर आम्ही: बाबा, माझे दोघे भाऊ, त्यांच्या बायका, दोन नातवंडं आणि मधल्या खोलीत मी. बाबा, म्हणजे कोंडूबाबा, उभा जन्म लूमवर राबले. आमच्या घरात हाक मारायची पद्धत नाही, कारण मारून उपयोग नाही. कुणाला बोलवायचं तर जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, माणूस वळला की बोलायचं. अर्धं बोलणं तर आम्ही ओठांवरूनच ओळखतो. लांबून कुणी ओरडलं तर कुठेतरी आग लागली, असंच आम्हाला वाटतं.

दोन्ही नातवंडं एकाच वर्षातली. पूर्वा प्राजक्ताची, जराशी मोठी. सम्यक स्नेहलचा. आत्या म्हणून नाव मीच ठेवलं. सम्यक, म्हणजे जसं हवं तसं, ना कमी ना जास्त. पुढे या नावावरून माझी जी थट्टा झाली ती मी निमूट सोसली, कारण पोरगं चालायच्या आधी धावायला लागलं. एक घास ताटाशी, दुसरा दारात, तिसरा पाण्याच्या पिंपावर चढून. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन जिन्यात पसार. बाबांनी त्याला धोटा म्हणायला सुरुवात केली. लूमवर बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे सुसाट पळतो, तो लाकडी धोटा. गल्लीत आज त्याचं खरं नाव फारसं कुणाला माहीत नाही.

एकदा हा धोटा जिना उतरून थेट कारखान्यात शिरला. कारागिराने त्याला काखोटीला मारून वर आणलं. तो माणूस घामाने थबथबला होता.

"दीदी, बच्चा पट्टे के पास पहुँच गया था. कसम से, मेरी तो जान निकल गई."

स्नेहलने पोराला धपाटा घातला, मग छातीशी धरलं, मग रडली, आणि रडता रडता तिची नजर गेली ती पूर्वाकडेच. पूर्वा भिंतीशी बसून फ्रॉकची लेस बोटाला गुंडाळत होती. गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"आमची पूर्वा बाई शांत," प्राजक्ता म्हणाली. "घरात आहे की नाही, कळतसुद्धा नाही."

प्राजक्ता मनाने वाईट नाही. पण हे वाक्य तिला फार आवडायचं. पाहुणे आले की चहाबरोबर ती ते वाढायची. आणि दर वेळी स्नेहलच्या हातातलं भांडं जरा जास्तच जोरात आपटायचं. त्या वाक्याच्या पोटात दुसरं एक वाक्य होतं, ते तिला स्पष्ट ऐकू यायचं: मी चांगली आई, तू नाहीस. आणि तिची सगळी धडपड तेवढ्यासाठीच होती. आपण वाईट आई नाही, हे कुणीतरी, एकदा तरी, मोठ्याने म्हणावं.

म्हणत कुणीच नव्हतं. लाडावला, म्हणायचे. मोबाईल दाखवला, म्हणायचे. दिघाशीकडून तिची आई आली, तिने नातवाला डोळे भरून पाहिलं आणि म्हणाली, "पोराला वढ न्हाय गो तुजी. वढ पायजे." म्हणजे वचक नाही. सख्ख्या आईनेही तेच म्हटल्यावर स्नेहल त्या दिवशी जेवली नाही. दोन्ही पोरं जवळच्याच नर्सरीत जायची. पूर्वाची मिस म्हणायची, गुणी आहे. सम्यकचीही मिस तीच, ती म्हणाली, "याला डॉक्टरांना दाखवा, मगच पुढच्या वर्गाचं बघू." दोन्ही वाक्यं एकाच दारात, एकाच वेळी, दोन्ही जावांच्या देखत. स्नेहलचा नुसता तिळपापड झाला.

सुमितची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, कशेळीला गोडाऊनमध्ये ड्युटी. शिफ्ट सोडता येईना, म्हणून ठाण्याला डॉक्टरांकडे तिच्याबरोबर मी गेले. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी खुर्ची सोडून खाली फरशीवर बसकण मारली आणि बराच वेळ सम्यकशी नुसत्या खेळल्या. मग आम्हाला खोदून खोदून विचारलं: घरी कसा, शाळेत कसा, झोपतो कसा, कधीपासून असा.

"या वयात सगळीच मुलं पळतात," त्या म्हणाल्या, "म्हणून मी घाईने शिक्का मारत नाही. पण घरीही तेच, शाळेतही तेच, इतके महिने तेच, आणि त्याने त्याचं अडतंय, असं असेल तर त्याला एडीएचडी म्हणतात. सम्यकचं तसं दिसतंय. आपण बघत राहू. तुमच्या वागण्यामुळे हे झालेलं नाही."

"परत बोला ना," स्नेहल म्हणाली.

"काय?"

"शेवटचं."

डॉक्टरांनी परत सांगितलं. स्नेहलने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी साक्षीदार आहे आणि घरी जाऊन मला सगळ्यांना सांगायचं आहे.

औषध आधी नाही, इतक्या लहानाला आधी आईबापांनीच शिकायचं असतं, असं त्या म्हणाल्या. मिसशीही बोलते म्हणाल्या. उठता उठता स्नेहलने विचारलं, "असं अजून कुणाला असतं का? की आम्हीच?"

"अहो, भरपूर. एवढ्याशा मुलांमध्ये शंभरात दोन-चार तरी सापडतात. कुठे जास्त, कुठे कमी. आईला विचारलं तर एक आकडा येतो, शिक्षिकेला विचारलं तर दुसरा. मुली कमी सापडतात. आता खरंच कमी असतात किती आणि नजरेतून सुटतात किती, ते सांगणं अवघड आहे."

परतताना कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये आमची रिक्षा अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक. सम्यक माझ्या मांडीवरून हिच्या मांडीवर, हिच्यावरून माझ्यावर. आणि स्नेहल बाहेर बघत म्हणाली, "शंभरात दोन-चार. मग बाकीची कुठं आहेत, अक्का? आमच्या नर्सरीत काय थोडी पोरं आहेत? तसं दुसरं पोर कुठलं आहे?"

तेव्हापासून तिने दुसरं शोधायला सुरुवात केली. हे मी थट्टेने सांगत नाही. नर्सरी सुटायच्या आधीच ती फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि बाहेर येणारं एकेक पोर न्याहाळायची. एक मुलगा फाटकावर चढला, हिचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा कट्ट्यावर बसून अख्खं चित्र रंगवताना दिसला. घरी येऊन म्हणाली, "फसवलं मेल्याने." एक मुलगी सारखी रडायची, पण तिची दाढ किडली होती. पोरं मिळाली की हिला आनंद, आणि ती साधीच निघाली की त्यांच्या आयांचा हेवा. दर वेळी घरी येऊन त्या आयांना उद्देशून तिचं चालू, यांचं बरं आहे, त्यांचं बरं आहे. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, दुसऱ्याचं पोर तसं निघावं म्हणून टपून बसतेस, लाज नाही वाटत?"

"वाटते," ती म्हणाली. "पण एकटीला फार जड होतं."

मी उठून तिच्यासाठी चहा टाकला.

डॉक्टरांनी शिकवलेलं मात्र ती मन लावून करायची. पोराच्या डोळ्यांसमोर बसायचं. एका वेळी एकच काम सांगायचं, तेही छोटं. केलं की लगेच शाबासकी. सम्यक एकटा खेळायला तयार नव्हता, त्याला पूर्वा हवी. म्हणून दोघांना घेऊन पाणी आणायचा खेळ सुरू झाला: माठातून पेलाभर पाणी आणून आजोबांना द्यायचं. सम्यक धावत जायचा, अर्धं पाणी सांडून धावत यायचा, बाबा उरलेलं अर्धं पिऊन "वा धोट्या" म्हणायचे. पूर्वाच्या खांद्याला हात लावला की ती गोड हसायची, उठायची, जायची, आणि परत यायचीच नाही. बघावं तर माठाशी उभी, पेला हातात, तोटीच्या टोकाला जमणारा थेंब बघते आहे. तो पडला की पुढचा.

"राणी आहे," स्नेहल सुरुवातीला म्हणायची. "राणीला काम कशाला सांगायचं." पण ती बघत होती. हेव्याने बघणारं माणूस फार बारीक बघतं. पूर्वाच्या आईने, बापाने, आम्ही कुणी त्या पोरीला इतकं बघितलं नव्हतं. शांत पोराकडे बघायला वेळ कुणाला असतो?

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी घरातले एरवी बुडून जाणारे आवाज ऐकू येतात. कुकरची शिट्टी ऐकून आम्ही दचकतो. अशाच एका शुक्रवारी प्राजक्ता बाजारात गेली होती. पूर्वा खिडकीशी बसलेली. उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते, ते ती बघत होती. स्नेहल स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "पूर्वा, इकडे ये."

पूर्वा वळली नाही. स्नेहलने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा सम्यक आतून पळत आला आणि म्हणाला, "मी येऊ?" स्नेहलने हातातलं झाकण मुद्दाम खाली टाकलं. पूर्वा दचकली, मागे बघून हसली. म्हणजे कान ठीक होते. पुन्हा हाक मारली तर पोरगी पुन्हा तंतूंमध्ये.

स्नेहल माझ्या खोलीत आली. सुट्टी टाकून मी घरीच होते.

"सापडली, अक्का."

"काय सापडलं?"

"दुसरी. आपल्याच घरात. सम्यक पायांनी पळतो, पूर्वा बसल्या जागी मनाने."

तिच्या तोंडावर असा आनंद होता की मला तिची किळस आली. मी तसं बोलूनही दाखवलं. जावेची पोर आजारी निघावी, एवढा कसला द्वेष? ती ऐकून घेत होती. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला आणि ती पलंगाच्या कडेला बसली.

"आपण तिला कधी हाकच मारली नाही ना, अक्का," ती म्हणाली. "हात लावला की वळते, म्हणून आपल्याला वाटलं ती ऐकते. लूमच्या नादात कुणाला कळलंच नाही. मी डॉक्टर नाही. पण दाखवायला तर पाहिजे ना?"

आता खरी अडचण होती ती ही. सांगणार कोण? मी सांगते म्हटलं तर ती म्हणाली, बघितलं मी, सांगणार मी. आणि ती गेली प्राजक्ताला सांगायला. सांगितलंही वेड्यासारखं, भांडी घासता घासता, पाठमोरी उभी राहून. "वहिनी, पूर्वाला पण एकदा डॉक्टरांना दाखवा. मला वाटतं तिचंही लक्ष राहत नाही."

प्राजक्ताने नळ बंद केला.

"तुझ्या पोटात दुखतंय ते मला आजच कळलं असं नाही. मिक्सरपासून बघते आहे. माझ्या वस्तूंवर जळलीस, मी बोलले नाही. माझ्या लेकराला सोड."

"वहिनी, मी जळत नाही हो..."

"तू? जळत नाहीस?"

खाली लूम चालू होते तरी हे शब्द घरात सगळ्यांना ऐकू गेले. आमच्या घरात दृष्ट वगैरे कुणी मानत नाही. पण त्या संध्याकाळी चुलीवर टाकलेल्या मीठ-मिरच्यांचा ठसका मधल्या खोलीपर्यंत आला, आणि ओवाळून टाकल्या होत्या त्या कुणावरून, हे विचारायची गरज नव्हती. स्नेहलही खोकत होती.

"आयुष्यात पहिल्यांदा जळून बोलले नाही," ती मला म्हणाली, "आणि नेमकं तेच कुणी ऐकेना. तुमचं बरं आहे, अक्का. तुमचं सगळे ऐकतात."

म्हणून मीही बोलून बघितलं. प्राजक्ता म्हणाली, "तिने तुम्हाला पढवलंय." दोघी जावांचं बोलणं बंद झालं. सम्यकला मिसने पुढच्या बाकावर घेतलं होतं, खडू वाटायचं काम दिलं होतं, तो पहिल्यापेक्षा बरा बसत होता. पण स्नेहलला त्याचा आनंद धड होईना. तिची नजर पूर्वावर.

पावसाळ्याचे तीन महिने चालणाऱ्या वर्षावासाच्या समारोपाला विहारात लहान मुलांचा कार्यक्रम असतो. पांढरे कपडे घालून मुलं मंचावर बसतात, थोडा वेळ डोळे मिटून ध्यान करतात, मग त्रिशरण म्हणतात, मग सगळ्यांना खीर. महिला मंडळाच्या बायजाबाईंनी पूर्वाला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं होतं. सम्यकला मंचावर घेतलंच नव्हतं. स्नेहल त्याचा हात धरून मागे दाराशी बसली होती आणि मी तिच्या शेजारी. पुढे प्राजक्ता, नवी पांढरी साडी नेसून. मंचाकडे बघताना स्नेहलच्या कपाळाला ती जुनी आठी पडली. मला उगीचच बरं वाटलं. म्हटलं, आहे, अजून आपली स्नेहलच आहे.

घंटी वाजली. मुलांनी डोळे उघडले आणि म्हणायला सुरुवात केली. पूर्वाचे डोळे मिटलेलेच नव्हते. ती छताच्या पंख्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले नाहीत. एवढ्या कलकलाटात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मग खिरीचं पातेलं आलं आणि मंचावरची पोरं एकदम उठून पळाली.

पूर्वा बसून राहिली.

"बघा!" बायजाबाई माईकवर म्हणाल्या. "ध्यान म्हणतात ते याला! मोठ्यांनी शिकावं!"

टाळ्या झाल्या. प्राजक्ता हसत उठली. "पूर्वा, चल गं." विहारात लूम नाहीत. टाळ्याही थांबल्या होत्या. "पूर्वा?" ती पुन्हा म्हणाली. मग बायजाबाईंनी माईकवरून हाक मारली, आणि पूर्वाचं नाव सगळ्या विहारात घुमलं. पूर्वा पंख्याकडे बघत राहिली. लोक कौतुकाने हसले.

प्राजक्ता हसली नाही. ती सावकाश मागे वळली आणि एवढ्या गर्दीतून तिने नेमकं दाराशी बघितलं, स्नेहलकडे. म्हटलं, आता ही काय चेहरा करते कोण जाणे. एवढे दिवस ज्याची वाट बघितली ते समोर होतं. स्नेहलने मान खाली घातली आणि पदराचं टोक मुठीत आवळून धरलं.

मुठीत पदर धरला तेव्हा सम्यकचा हात सुटला. तो पळाला, बसलेल्या माणसांच्या पायांवरून, मंचाच्या पायऱ्यांवरून, थेट पूर्वापाशी, आणि घरी करतात तसा त्याने तिच्या खांद्याला हात लावला. पूर्वा वळली, हसली. "खीर," तो म्हणाला, आणि तिला ओढत घेऊन गेला.

घरी आलो तेव्हा लूम जोरात चालू होते. जिन्याच्या वरच्या पायरीवर स्नेहल चपला काढत होती. प्राजक्ता मागून आली आणि तिने तिच्या खांद्याला हात लावला. स्नेहल वळली. दोघींमध्ये किती दिवसांनी बोलणं होत होतं! मी खालच्या पायरीवर होते, मला काही ऐकू आलं नाही. पण आम्ही ओठ वाचतो.

"पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा मी आणि पूर्वाही येऊ," प्राजक्ता म्हणाली. मग तिने सम्यककडे बघितलं. तो जिन्याचा कठडा धरून लोंबकळत होता. प्राजक्ताचे डोळे भरले.

"तुझं बरं आहे, स्नेहल," ती म्हणाली. "तुझा निदान दिसतो तरी."